परवाचा पाऊस : नेवाडाच्या वाळवंटातला स्पर्धेचा एक दिवस, सोलापुरातून

आषाढी होऊन चार दिवस झाले होते. पंढरपूरहून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी ओसरली होती आणि सोलापुरात नेहमीप्रमाणे पाऊस सोडून सगळं होतं. ढग रोज यायचे. पश्चिमेकडून निघून डोक्यावरून पळत पळत अक्कलकोटच्या दिशेनं जायचे, थेंब टाकायचे नाहीत. सह्याद्रीनं पिळून घेतलेल्या ढगांकडून आणखी काय अपेक्षा करणार? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसासाठी ढगांत बीजारोपणाचे प्रयोग केले ते आमच्या या आकाशात, यावरूनच काय ते समजा.

संध्याकाळी सहाच्या सुमारास भाच्याचा फोन आला.

"मामा, काय करायलाव?"

पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात काढली तरी 'करायलाव' सुटलेलं नाही, याचं मला बरं वाटतं. नोकरी संगणकाची, नाद ग्लायडरचा. त्या आठवड्यात नेवाडाच्या वाळवंटात ग्लायडरची स्पर्धा होती आणि हा तिथे उडायला नव्हे, हवामानाच्या टेबलावर मदतनीस म्हणून बसला होता. मी हवामान खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य काढलं, स्टीव्हन्सन पेटीतले कोरडे-ओले तापमापक वाचले, हायड्रोजनचे फुगे सोडून थिओडोलाइटनं त्यांचा माग काढला. अंदाज वर्तवणारे साहेब वेगळे, आम्ही वेध घेणारे. तरी भाच्याच्या लेखी मी हवामानवाला मामा.

पुढे जे झालं त्यात मी अर्धा बरोबर ठरलो आणि अर्धा चुकलो. चुकलो तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे लिहितो आहे. आकडे गोल केलेत. स्पर्धेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही.

ज्यांनी ग्लायडर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या विमानाला इंजिन नाही. दोरानं ओढून वर नेतात आणि सोडून देतात. चांगला ग्लायडर स्थिर हवेत एक किलोमीटर उंची खर्चून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पुढे जातो. उंची परत मिळवायची तर तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेच्या खांबात, म्हणजे थर्मलमध्ये शिरून घिरट्या घालायच्या. घार हेच करते. चैत्रात अकराच्या सुमाराला गच्चीवर उभं राहा. साडेदहापर्यंत पंख मारत फिरणारी घार एकाएकी पंख ताठ धरून गोल फिरत वर जाऊ लागते. त्या मिनिटाला आमच्याकडचा दिवस सुरू होतो. स्पर्धेत दिलेले टप्पे गाठून सगळ्यात वेगानं परत येणारा जिंकतो, त्यामुळे दिवस किती वाजता सुरू होणार, हवा किती उंच जाणार आणि दिवस कधी संपणार, एवढ्या तीन प्रश्नांवर सगळं अवलंबून असतं. कमाल तापमान किती, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

वाळवंटात ही स्पर्धा का, तर तिथे हवा कोरडी आणि ढगांचा पाया प्रचंड उंच. १९७०ची जागतिक स्पर्धा टेक्सासमधल्या मार्फाला झाली, १९८३ची न्यू मेक्सिकोतल्या हॉब्सला, ती याच कारणानं. पायाचा हिशोब सोपा आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) यांतल्या दर अंश फरकाला १२५ मीटर. जुलैत सोलापूरला हा फरक दुपारी आठ-नऊ अंशांचा असतो, म्हणून आमचे ढग हजारेक मीटरवर. तिथे तोच फरक पंचवीस-तीस.

पण जुलैतल्या नेवाडाला एक भानगड असते, आणि ती ऐकून मला हसू आलं. तिथेही मान्सून असतो. जुलैच्या सुरुवातीपासून दक्षिणेकडून, कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून दमट हवा वर सरकते आणि दुपारनंतर डोंगरांवर गडगडाट सुरू होतो. आमच्या वैशाखातल्या वळवासारखाच प्रकार: तापलेली दुपार, एकाएकी उभा राहिलेला ढग, सोसाट्याचा वारा, धुरळा, आणि चार थेंब. कित्येकदा थेंबही जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वरच्या वर वाफ होतात, त्या वाफेपायी हवा गार होते, जड होते आणि धाडकन खाली आदळते. उतरायला आलेल्या ग्लायडरच्या दृष्टीनं याइतकं वाईट काही नाही.

आता वेळेचा मेळ बघा. वरच्या हवेचं तापमान मोजणारे फुगे जगभर एकाच वेळी सोडतात. आमच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा नेवाडात पहाटेचे पाच. म्हणजे नेवाडातल्या एल्को गावच्या पहाटेच्या फुग्याचे आकडे मला दिवेलागणीला मिळायचे, आणि तिथली सकाळी साडेनऊची वैमानिकांची बैठक माझ्या रात्री दहाला. मधे तीन तास, त्यात जेवण. हिनं एकदा विचारलं, "निवृत्तीनंतर रात्रपाळी लागली का?" मी भाकरी मोडत होतो आणि ताटाशेजारी टी-फाय ग्रामचा, म्हणजे उंचीनुसार हवेचं तापमान मांडायच्या आलेखाचा कागद पसरला होता. त्या कागदावर शेंगाच्या चटणीचा एक डाग अजून आहे.

स्पर्धेचा तिसरा दिवस. एल्कोचा आलेख स्पर्धेच्या मैदानाच्या उंचीला आणला. मैदान समुद्रसपाटीपासून १,९०० मीटर. पहाटे जमिनीलगत ११ अंश, पण चारशे मीटर वर २२. खाली गार आणि वर गरम असा हा उलटा थर, इन्व्हर्जन. वाळवंटात रात्री आकाश निरभ्र असतं, जमीन भराभर निवते आणि खोऱ्यात गार हवा तळाशी साचून राहते. हा थर फुटल्याशिवाय थर्मल नाही. त्याच्यावर मात्र तापमान दर किलोमीटरला साडेआठ अंशांनी खाली उतरत होतं, म्हणजे फार चांगलं. पेन्सिलनं रेघ ओढली: जमिनीवर साडेसत्तावीस अंश झाले की हवा दीड किलोमीटर वर जाणार, तीस झाले की साडेतीन. झाकण उडालं की सरळ आभाळ. दवबिंदू चार अंश, दुपारी एकतीस धरले तर फरक सत्तावीस, ढगांचा पाया जमिनीपासून सुमारे ३,४०० मीटरवर, समुद्रसपाटीपासून १७,००० फुटांच्या थोडा वर. अमेरिकेत १८,००० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा पाया अगदी बेताचा. साडेसत्तावीस अंश कधी? साडेअकराला.

तिथल्या मुख्य अंदाजकाराचं उत्तर तेच होतं, साडेअकरा. त्याच्याकडे तीन किलोमीटरच्या जाळीचं दर तासाला चालणारं संगणकाचं मॉडेल, माझ्याकडे पेन्सिल. आम्ही दोघं जुळलो याचा मला जरा गर्वच झाला, खोटं कशाला बोलू.

मग भाचा सहज बोलून गेला, "परवा रात्री तिकडं ईशान्येला विजा लई दिसल्या. इथं मैदानावर थेंब नाही."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"साठ किलोमीटरवर खोरं आहे. आज पहिला टप्पा तिकडूनच जातो."

"पाऊस किती झाला?"

"तिथं कोण मोजणार मामा? माणूसच नाही."

नेवाडाचा हा सगळा मुलूख असा आहे की पाणी समुद्राला जातच नाही. डोंगरांच्या ओळी, त्यांच्यामधे खोरी, आणि प्रत्येक खोऱ्याच्या तळाशी पांढऱ्या चिकणमातीचं सपाट मैदान. त्याला प्लाया म्हणतात. पडलेलं पाणी तिथे येऊन बसतं आणि उन्हानं वाळेल तेव्हाच हलतं. पर्जन्यमापक नाही. रडारचा किरण डोंगराला अडतो, पलीकडच्या खोऱ्यातला पाऊस त्याला धड दिसत नाही. आणि मॉडेलला मातीतली ओल कळते ती आधी किती पाऊस पडला हे कळल्यावर. म्हणजे मॉडेलच्या लेखी ते खोरं खडखडीत कोरडं असण्याचा संभव मोठा.

भाच्याला म्हटलं, कालची उपग्रहाची चित्रं लाव, दुपारी बारापासून एकामागून एक. पाच-पाच मिनिटांची चित्रं सरकू लागली. साडेबाराला डोंगरांवर पहिले कापसाचे ठिपके उमटले, एकपर्यंत खोऱ्यांवरही भरले. फक्त ईशान्येच्या खोऱ्यावर भोक. चाळीस किलोमीटर लांब, पंचवीस रुंद, स्वच्छ. चहूकडे ढग आणि मधे काही नाही. दोन वाजून गेले तरी नाही. आणि ढग नसल्यामुळे खालची जमीनही दिसत होती: बाकीचे प्लाया पांढरे, हा काळपट.

मला हे भोक ओळखीचं होतं. मे महिन्यात आमच्या पठारावर दुपारचे ढग धरतात तेव्हा उजनी धरणाच्या फुगवट्यावर असंच मोकळं दिसतं. पाण्यावर ऊन पडतं, पण हवा तापत नाही.

हिशोब पाटीवर करता येईल इतका सरळ आहे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक किलो पाणी. ते वाळवायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते. भर दुपारी जमिनीच्या हाती उरणारी उष्णता चौरस मीटरला पाचशे वॉटच्या आसपास धरली, तर तो एक मिलीमीटर वाळायला ऐंशी मिनिटं जातात, तीही सगळी उष्णता त्यालाच दिली तर. परवा रात्री दहा मिलीमीटर पडला असेल तर जवळजवळ दोन दिवसांचं ऊन त्यानंच खाल्लं. काल एक दिवस झाला. आज दुसरा.

आता पहाटेचं झाकण. मैदानावरचा तो उलटा थर उचलून साडेसत्तावीसला आणायला चौरस मीटरला साधारण साडेचार मेगाज्यूल लागणार होते. कोरड्या जमिनीवर ते सकाळपासून साडेअकरापर्यंत जमतात. ओल्या खोऱ्यात निम्मी उष्णता वाफेत गेली तर साडेअकराला निम्मंच काम झालेलं. उरलेलं निम्म्या वेगानं. माझं उत्तर आलं सव्वादोन.

रात्रीचे पावणेदहा. भाच्याला सांगितलं: ते खोरं सव्वादोनपर्यंत मेलेलं समज. पहिला टप्पा तिकडून नेऊ नका. सुरुवात सव्वाबाराला असेल तर सगळे एकच्या आत तिथे पोचतील आणि खाली बसतील.

त्यानं ते तिथल्या टेबलावर मांडलं. पेच असा झाला की टप्प्यांचा क्रम उलटा केला, तर ते खोरं शेवटी म्हणजे चारच्या सुमाराला लागणार. तोपर्यंत तिथे थर्मल असतील, पण ओल म्हणजे गडगडाटाचं खाद्य, आणि पूर्वेच्या रांगेवर चारनंतर ढग फुटणार हे सगळ्यांनाच मान्य होतं. सकाळी गेलात तर हवा मेलेली, संध्याकाळी गेलात तर वळीव. मार्ग ठरवणाऱ्यानं शेवटी मधला उपाय काढला आणि तो शहाणपणाचा होता. ठरावीक बिंदूऐवजी तीस किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ दिलं. वर्तुळात कुठेही स्पर्श करा आणि वळा, कुठून जायचं ते तुमचं तुम्ही बघा. बैठकीत भोकाचं चित्र दाखवलं. काहींनी मनावर घेतलं, काहींनी नाही. आकाश निळंभोर, वारा नाही, अंदाज उत्तम. अशा दिवशी परवाच्या पावसाची गोष्ट कोण ऐकतो?

मी झोपायला गेलो तेव्हा आमच्याकडे साडेबारा वाजले होते. तिकडे दोर ताणले जात होते.

सकाळी साडेसहाला चहा ठेवला आणि फोन उघडला. भाच्याचे बावीस संदेश.

मैदानावर पहिलं चांगलं थर्मल अकरा पस्तीसला. इथवर सगळे पास. सव्वाबाराला सुरुवात. पहिला गट एकच्या आधी खोऱ्याच्या पश्चिम कडेला पोचला, पुढे सरळ मधे शिरला आणि वीस किलोमीटरमधे त्याला काही म्हणजे काही मिळालं नाही. हवा लोण्यासारखी. चार जण खाली आले. तिघांनी मातीच्या रस्त्यालगत उतरवलं. चौथ्याला प्लाया कोरडा वाटला. वरून पपडी पांढरी दिसत होती. चाक टेकलं आणि रुतलं. माणसाला काही झालं नाही, विमानही धड. मात्र ते उचलून आणायला गेलेला ट्रेलर, हे नंतर कळलं, तिथल्या मध्यरात्रीपर्यंत अडकून पडला, कारण ती माती चाकाला धरते आणि सोडत नाही. भाचा म्हणाला, "मामा, अगदी आपल्या काळ्या मातीवानी. बूट उचलला की दोन किलो." मंगळवेढ्याकडच्या रानात पावसाळ्यात सायकल घातलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

इथवर मी खूश होतो. पुढचा संदेश वाचला.

त्या दिवशीचा विजेता त्याच खोऱ्यात गेला होता. मधून नव्हे, काठानं. ओल आणि कोरडं जिथे भेटतात त्या रेषेवरून. तिथे त्याला एकच्या सुमाराला सेकंदाला पाच मीटरपेक्षा जास्त वेगानं चढवणारी हवा मिळाली, दिवसातली सगळ्यात जोरदार, आणि ती एका जागी नव्हती, ओळीनं होती. घिरट्या न घालता तो सरळ त्या रेषेवरून उंची न गमावता गेला, वर्तुळाला शिवला आणि परतला. मी ज्याला मेलेलं खोरं म्हटलं त्याच्या काठावर तो त्या दिवसाची स्पर्धा जिंकला.

शिवाय खोऱ्याचा मधला भागही सव्वादोनला नाही, दीडच्या सुमाराला जागा झाला. मी खोऱ्याला डबा समजून उष्णतेचा हिशोब केला होता, झाकण लावलेला डबा. पण शेजारची कोरडी जमीन कितीतरी आधी तापली होती. तिथली गरम हवा उठली, तिची जागा घ्यायला खोऱ्यातली गार हवा बाहेर सरकली, म्हणजे तळ्याकाठी दुपारी सुटतो तसा वारा सुटला. तो कोरड्या बाजूला जिथे थांबला तिथे हवेला वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तीच ती रेषा. आणि गार हवा बाहेर निघून गेल्यामुळे मधलं झाकणही लवकर उचललं गेलं. ओल किती, यावर मी तास घालवला. ओलीची कड कुठे आहे, हा प्रश्न डोक्यातच आला नाही. चित्रात ती कड स्पष्ट दिसत होती, भोकाच्या पश्चिमेला ढगांची एक जाड किनार होती. आदल्या दिवसाचीच चित्रं. मी भोकाकडे बघत होतो.

पूर्वेच्या रांगेवर सव्वाचारला ढग फुटला तेवढं मात्र सगळ्यांच्या अंदाजाप्रमाणे. पावसाच्या झालरी अधांतरी लोंबल्या आणि मैदानावर धुळीची भिंत आली. तोपर्यंत बहुतेक जण उतरले होते.

भाच्यानं रात्री फोन केला. माझा आवाज ऐकून म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घ्यायलाव? तुमच्यामुळं वर्तुळ दिलं त्यांनी. नाहीतर बारा-पंधरा जण चिखलात असते."

ते खरं आहे. पण माझा त्रास वेगळा होता. चाळीस वर्षं मी वावटळी बघतो आहे. होटगीकडच्या रस्त्यानं एप्रिलच्या दुपारी जा. एका अंगाला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, हिरवागार, पाणी पाजलेला. दुसऱ्या अंगाला नांगरून टाकलेलं रान, ढेकळं भाजून निघालेली. वावटळ कधी उसात उठत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती रानाच्या मधोमधही फारशी उठत नाही. उठते ती बांधाच्या जरा अलीकडे, उसाला लागून असलेल्या पहिल्या पंधरा-वीस पावलांत. पाचट, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करते आणि बांधाच्या कडेकडेनं चालू लागते. कोणी मला हटकून विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. रात्री दहाला टी-फाय ग्रामसमोर बसलो तेव्हा मात्र तो ऊस आठवला नाही, उजनी आठवली.

या एप्रिलमधे भाचा सुट्टीला आला होता. उसाच्या बांधावर आम्ही दोघं तास दीड तास उभे राहिलो, तो मोबाइलवर वेळ लिहीत आणि मी सावली शोधत. अकरा चाळीसला पहिली वावटळ उठली, बांधापासून बारा पावलांवर. तिच्या वर, बरीच उंच, एक घार आली आणि तिनं पंख ताठ केले. शेतमालक लांबून बघत होता. शेवटी न राहवून जवळ आला आणि भाच्याला म्हणाला, "साहेब, रस्त्याचं माप घ्यायलाव का? माझं रान जाणार हाय काय ह्यात?"

त्याची समजूत घालण्यात दुसरी वावटळ हुकली.